वाक्यात उपयोग करा

माझ्याकडे एक वही आहे. दोनशे पानी, लांब, खाकी कव्हर घातलेली, आणि कव्हरच्या कोपऱ्यावर चकलीच्या तेलाचा एक डाग, जो इतक्या वर्षांत फिका पडलेला नाही. पहिल्या पानावर श्री, त्याखाली माझं नाव, इयत्ता नववी अ, आणि त्याखाली लाल शाईत दोनदा अधोरेखित केलेलं 'इंग्लिश फ्रेझेस'. आत पट्टीने आखलेले तीन रकाने: फ्रेझ, अर्थ, वाक्यात उपयोग. पहिल्या दोन रकान्यांनी माझं काही वाकडं केलं नाही. तिसऱ्याने मात्र आयुष्यभर पिच्छा पुरवला.

आमचे इंग्रजीचे सर सांगायचे, मुलांनो, साधं इंग्रजी कोणीही लिहील, परीक्षकाचं पेन थांबतं ते फ्रेझपाशी. वर्गातल्या इतर पोरांनी हे ऐकलं आणि सोडून दिलं. मी ते गुरुमंत्रासारखं घेतलं. तेव्हापासून माझ्या निबंधात पाऊस कधी साधा पडला नाही. श्रावणातली भुरभुर असली तरी कुत्री-मांजरं पडायची. कोणी नुसता आनंदी झाला नाही, तो सातव्या स्वर्गातच गेला. बोर्डाच्या परीक्षेत दहा ओळींच्या निबंधात मी नऊ फ्रेझा बसवल्या आणि दहावीला जागा उरली नाही म्हणून समासात लिहिली. इंग्रजीत बेचाळीस पडले. शंभरात. पण त्या बेचाळिसातले दहा तरी फ्रेझांचे असावेत, ही माझी समजूत अजून कोणी मोडलेली नाही.

आता माझी पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं सगळं तुमच्या लक्षात येईल. संस्कृतच्या तासाला समासाचा विग्रह शिकलो होतो. पीतांबर म्हणजे पीत आहे अंबर ज्याचे तो. फोड करा, अर्थ लावा, पुन्हा जोडा. हीच किल्ली मी इंग्रजीला लावली. 'ओव्हर' म्हणजे वर, 'लूक' म्हणजे पाहणे. तेव्हा 'ओव्हरलूक' म्हणजे वरून पाहणे, अर्थात देखरेख. यात चूक काय आहे, तुम्हीच सांगा. चूक एवढीच, की इंग्रजांनी संस्कृत घेतलं नव्हतं.

बँकेत लागलो आणि बरीच वर्षं सुखात गेली, कारण बँकेचं इंग्रजी तयार कपड्यांसारखं असतं. बाही लांब होवो की आखूड, अंगात चढवायचं आणि निघायचं. 'प्लीज फाइंड एन्क्लोज्ड हिअरविथ'ने सुरुवात, 'डू द नीडफुल'ने शेवट, मध्ये काय आहे ते कोणी वाचत नाही. (हे 'डू द नीडफुल' इंग्रजांचंच बरं का. ते आपल्याकडे सोडून गेले आणि तिकडे जवळपास विसरले. पाहुण्याची छत्री राहावी आणि ती आपण तीन पिढ्या वापरावी तसं. उलट 'प्रीपोन' आपलं. ते आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही जाऊन बसलंय. हिशेब चुकता.) पण माणसाचं सुख फार टिकत नाही. आमच्या शाखेच्या साहेबांची बदली झाली, निरोप समारंभ ठरला, आणि तुझं इंग्रजी चांगलं आहे म्हणून भाषणाची माळ माझ्या गळ्यात पडली.

त्या वर्षी शाखेची अवस्था नाजूक होती. कुक्कुटपालनाची कर्जं थकली होती आणि तारण ठेवलेल्या कोंबड्या कर्जदारांनी कधीच खाऊन संपवल्या होत्या. समारंभाला मुख्य कार्यालयातून तपासणी विभागाचे एक साहेब आले होते, पहिल्या रांगेत, समोशाची बशी मांडीवर घेऊन. मी उभा राहिलो. रात्रभर जागून पाठ केलेलं भाषण. मला म्हणायचं होतं, की साहेबांनी प्रत्येक फाइलीवर जातीने देखरेख केली आणि ही शाखा आज जिथे आहे ती त्यांच्या बारीक लक्षामुळेच. त्यासाठी मी 'ओव्हरलूक' वापरलं, पाठोपाठ 'ओव्हरसाइट' वापरलं, आणि साहेबांचं लक्ष एकदाच नव्हे तर वारंवार असायचं म्हणून 'ओव्हरसाइट'चं अनेकवचन केलं. म्हणजे इंग्रजी येणाऱ्या माणसाच्या कानावर जे पडलं ते असं: 'साहेबांनी या शाखेतल्या एकूण एक फाइलीकडे जातीने काणाडोळा केला. शाखेची आज जी अवस्था आहे ती केवळ साहेबांच्या नजरचुकांमुळे.'

आमचे साहेब हात जोडून, मान लववून, डोळे पुसत होते. मला वाटलं, पाहुणे साहेबही भारावलेत. कारण त्यांनी समोशाची बशी खाली ठेवली आणि खिशातून पेन काढलं.

ते लिहून घेत होते.

नंतर मी शब्दकोश काढून बसलो. 'ओव्हरसी', 'ओव्हरलूक', 'ओव्हरसाइट' हे तीन सख्खे भाऊ. तिघांच्याही पोटात पाहणंच. पण थोरला देखरेख करतो, मधला दुर्लक्ष करतो, आणि धाकटा अशा स्वभावाचा की देखरेखही करतो आणि नजरचूकही त्याचीच. कुठल्या वेळी काय करतोय ते शेजारच्या शब्दांना विचारायचं. असं घर आमच्या गल्लीतही होतं. तरी मी तिघांना एकाच पंगतीला बसवलं. साहेबांचं पुढे सगळं सुरळीत झालं, पण दिवाळीचं भेटकार्ड त्यांनी मला पुन्हा पाठवलं नाही.

एवढ्यावर वही माळ्यावर जायला हवी होती. ती गेली लीड्सला.

आमचे चिरंजीव तिकडे इंग्लंडात, यॉर्कशरमध्ये नोकरीला. मी निवृत्त झालो तसा त्याने तीन महिन्यांसाठी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. तेवीस किलोची बॅग. हिने त्यात भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचं पीठ आणि नातीसाठी गूळपापडी अशी पिठामिठाची मांडणी केली होती, आणि काटा बरोबर तेवीसवर उभा होता. वही अर्ध्या किलोच्या घरातली. रात्री सगळे झोपल्यावर मी मेतकुटाची पिशवी काढली आणि वही घातली. हा प्रकार उघडकीस आला तो लीड्सला पहिल्या दिवशी मऊ भात झाल्यावर. मी तो भात लोणच्याशी, मान खाली घालून खाल्ला.

हिच्या इंग्रजीबद्दल इथेच सांगून टाकतो. हिच्या इंग्रजीत क्रियापद नावाची वस्तू नाही. ती दुकानात जाते आणि म्हणते, 'मिल्क. वन.' बस थांबवते आणि म्हणते, 'सिटी?' आणि तिला दूध मिळतं, ती गावात पोहोचते, वर दुकानदारीणबाई तिला 'थँक्यू, लव्ह' म्हणते. (तिकडे भाजीवालीसुद्धा गिऱ्हाइकाला 'लव्ह' म्हणते. मला पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी सुटे पैसे घ्यायचे विसरून घरी आलो होतो.) मी मात्र दुधाच्या बाटलीसाठी 'आय वॉज वंडरिंग इफ' पासून सुरुवात करायचो, आणि वाक्य संपेपर्यंत मागच्या रांगेतली माणसं दुसऱ्या काउंटरला जायची.

पहिल्याच सकाळी अंगणात उभा होतो. शेजारच्या कुंपणावरून एक पंचाहत्तरीच्या बाई डोकावल्या आणि म्हणाल्या, 'यू ऑल राइट?' परक्या देशात पहिल्याच दिवशी कोणी इतक्या आपुलकीने तब्येत विचारावी, मला भरून आलं. मी सांगायला लागलो. उजवा गुडघा, त्याला लावलेलं तेल, उपाशीपोटीची साखर एकशेचाळीस, विमानात पायांना आलेली सूज, आणि ही सूज उतरत असली तरी मुख्य तक्रार वाताची आहे, ती कशी सुरू झाली ते. बाई हातात कात्री घेऊन तशाच उभ्या. शेवटी 'लव्हली' म्हणाल्या आणि आत गेल्या. संध्याकाळी मुलगा म्हणाला, बाबा, ते नुसतं 'काय, कसं काय' असतं. त्याला उत्तर म्हणजे परत 'ऑल राइट?' आता आपल्याकडेही पारावर कोणी 'काय, जेवलात का?' विचारलं तर आपण भाजी कुठली होती ते सांगत नाही. हे मला ठाऊक होतं. मराठीत ठाऊक होतं.

मग हेडिंग्लीची गोष्ट. लीड्सला जाऊन हेडिंग्लीचं मैदान न पाहणारा माणूस माझ्या वयाच्या मराठी मंडळीत सापडायचा नाही. १९८६ साली आपल्या दिलीप वेंगसरकरने तिथे पहिल्या डावात ६१ आणि दुसऱ्यात नाबाद १०२ केले होते आणि आपण २७९ धावांनी कसोटी जिंकली होती. तो सामना मी बँकेच्या ड्रॉवरमध्ये ट्रान्झिस्टर ठेवून ऐकला होता. तेव्हा डबा घेऊन, छत्री घेऊन, आम्ही दोघं बसने निघालो. ही दरवाजाजवळच्या सीटवर बसली, मी मागे खिडकीशी, शेजारच्या जागेवर छत्री आणि डबा. दोन स्टॉप गेल्यावर एक आजी चढल्या. हातात काठी. बसमध्ये दुसरी जागा नव्हती. त्या माझ्याजवळ आल्या आणि अत्यंत अदबीने म्हणाल्या, 'वुड यू माइंड इफ आय सॅट हिअर?'

माझ्या अंगात सगळी महाराष्ट्राची संस्कृती संचारली. मी छातीवर हात ठेवला, भरघोस हसलो आणि मोठ्याने म्हणालो, 'येस! येस! ऑफ कोर्स!' आणि बाईमाणसाकडे टक लावून बघणं बरं दिसत नाही म्हणून तोंड खिडकीकडे फिरवलं.

आजी उभ्याच. मला वाटलं, संकोच करतायत. मी पुन्हा वळून त्यांना धीर दिला: 'सर्टनली, आय माइंड!' बसमध्ये एकदम शांतता पसरली. एका तरुणाने कानातली वायर काढली. आजींचा चेहरा असा झाला, की यांच्या चार पिढ्यांनी दोन महायुद्धं सोसली ती याच दिवसासाठी का. तेवढ्यात पुढून ही उठली, सगळ्या बसमधून चालत आली, छत्री आणि डबा उचलून माझ्या मांडीत आदळला, आजींच्या कोपराला हात लावला आणि म्हणाली, 'सिट.' आजी बसल्या. एक शब्द. तोही आपण घरी कुत्र्याला म्हणतो तो.

'माइंड' म्हणजे मन, हा माझा विग्रह. 'तुमच्या मनात आहे का, मी इथे बसावं असं?' तर आहे ना! पण त्या विचारत होत्या, तुमची काही हरकत आहे का. आणि मी छातीवर हात ठेवून सांगत होतो, आहे, अर्थात आहे. आणि हाच प्रश्न कोणी एशियाडमध्ये मराठीतून विचारला असता, 'हरकत नाही ना, इथे बसलो तर?', तर मी झोपेतसुद्धा 'छे छे, बसा ना' म्हणालो असतो आणि वर सरकून जागाही दिली असती. इंग्रजी ऐकलं की माझे कान बंद होतात आणि वही उघडते.

या प्रसंगानंतर मी ठरवलं की साहेबाच्या प्रश्नाला उत्तर 'नो'च द्यायचं. दोनच दिवसांनी दुकानातल्या मुलीने 'डू यू वाँट अ बॅग?' विचारलं. मी ताठ मानेने 'नो, नॉट अ‍ॅट ऑल' म्हणालो आणि अडीच किलो बटाटे स्वेटरच्या ओच्यात धरून घरी आलो. तिकडे पिशवीला पैसे पडतात, २०१५ पासून पाच पेन्स आणि २०२१ पासून दहा. चिरंजीवांना वाटलं बाबांनी काटकसर केली. मी त्याला तसंच वाटू दिलं.

पण खरा प्रसंग चहाचा.

त्या शेजारीणबाईंचे यजमान निवृत्त शिक्षक. उंच, वाकलेले, स्वेटरच्या कोपरांना कातड्याची ठिगळं. त्यांनी एक दिवस कुंपणावरून बोलावलं, 'कम राउंड फॉर टी. हाफ फाइव्ह.' मी घरात येऊन हिला जाहीर केलं, उद्या अडीच वाजता चहाला जायचंय. पाचाचे अर्धे अडीच. गणितात मी कधी कच्चा नव्हतो. ही म्हणाली, 'अहो, अडीच ही काय चहाची वेळ आहे? झोपायची वेळ ती.' मी म्हणालो, त्यांचा देश, त्यांचं घड्याळ. अडीचला आम्ही इस्त्रीच्या कपड्यांत त्यांच्या दारात. यजमान अर्ध्या चड्डीत, मातीने माखलेले, हातात गवत कापायचं यंत्र. ते घड्याळाकडे बघतात, मी घड्याळाकडे बघतो. अखेर त्यांनी मातीच्या बोटाने हवेत पाच आणि तीस असं लिहून दाखवलं, आणि आम्ही जसे गेलो तसे परतलो.

एकदा अपमान झाला की मला भूक लागते. शिवाय मनाशी म्हटलं, पाहुणचार काय तर चहा आणि दोन बिस्किटं. रात्रीच्या जेवणाला उशीर होणार. तेव्हा पाच वाजता मी भाकरी, भरली वांगी आणि वर ताकभात असं पोटभर जेवून घेतलं. ही म्हणत होती, अहो, जपून. मी जपलो नाही.

आणि साडेपाचला त्यांच्याकडे टेबल मांडलेलं. काटे, चमचे, सुऱ्या, पाण्याचे पेले, मेणबत्ती. यॉर्कशरमध्ये 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण, हे माझ्या वहीत नव्हतं. आम्ही शाकाहारी म्हणून बाईंनी कांद्याची ग्रेव्ही वेगळी केली होती. भाजलेले बटाटे, गाजरं, वाटाणे, चीज घातलेला फ्लॉवर, आणि फुगलेल्या वाट्यांसारखी यॉर्कशर पुडिंग. (त्यात अंडं होतं. हिने मला डोळ्याने विचारलं, मी डोळ्यानेच 'परदेशात चालतं' म्हणालो.) पुडिंग आलं म्हटल्यावर मला हायसं वाटलं, गोड आलं म्हणजे संपलं. तर ते गोड नव्हतंच, आणि ती सुरुवात होती. पीठ, अंडं, दूध फेटून कडक तापलेल्या तेलात ओतून भट्टीत फुगवतात आणि वर ती ग्रेव्ही ओततात. मी हसतमुखाने एक संपवलं. बाईंनी दुसरं वाढलं. तिसऱ्याला माझ्या बरगड्यांना आतून हात लागल्यासारखं झालं.

आता इथे मला नुसतं 'पुरे' म्हणता आलं असतं. पण टेबलावर मेणबत्ती होती, समोर शिक्षक होते, आणि नववी अ माझ्या डोक्यात जागी झाली. पोट भरलं याला एक फ्रेझ होती. 'फेड' म्हणजे खाऊ घातलेला, 'अप' म्हणजे वरपर्यंत. गळ्यापर्यंत खाऊ घातलेला! यापेक्षा चपखल काय असणार? मी रुमालाने ओठ टिपले, बाईंकडे वळून किंचित झुकलो आणि म्हणालो, 'मॅडम, आय अ‍ॅम कम्प्लीटली फेड अप विथ युअर फूड.'

बाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. थेंब थेंब ग्रेव्ही टेबलक्लॉथवर पडत होती. मी पाहिलं, काहीतरी बिनसलंय, म्हणजे उच्चार नीट कळला नसणार. म्हणून मी पोटावर हात फिरवत आणखी स्पष्ट सांगितलं, 'नॉट ओन्ली मी. माय वाइफ इज ऑल्सो फेड अप.'

ही माझ्याकडे बघत होती. तिला शब्द कळले नसतील, पण एकेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या तोंडून काय निघालं असेल ते बायकांना बाईंच्या चेहऱ्यावरून कळतं. तिने तळहात आडवा करून गळ्याशी धरला, गाल फुगवले आणि म्हणाली, 'नाइस. व्हेरी नाइस. फुल.' आणि बाई खळखळून हसल्या. इतक्या हसल्या की त्यांना डाव खाली ठेवावा लागला.

यजमान मात्र हसले नाहीत. ते उठले, कपाटाकडे गेले आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. मला शाळेतली छडी आठवली. ते होतं फाउलरचं इंग्रजीच्या वापराचं पुस्तक, १९२६ साली पहिल्यांदा निघालेलं. इंग्रजांनी इंग्रजी नीट लिहावं म्हणून एका इंग्रजाला एवढा ग्रंथ लिहावा लागला, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. आणि मग त्या गृहस्थांनी खुर्ची जवळ ओढून, आवाज खाली आणून, कबुली दिल्यासारखं सांगितलं की शिस्तीत वागणे या अर्थाचं जे 'टो द लाइन', त्यातला 'टो' म्हणजे पायाचं बोट, रेघेला बोटं टेकवून उभं राहायचं म्हणून. पण ते स्वतः पंचविशी उलटेपर्यंत तो दुसरा 'टो' लिहीत होते, दोरीने गाडी ओढतात तो. 'मला वाटायचं, सगळ्यांनी मिळून दोर ओढायचा,' ते म्हणाले. म्हणजे विग्रहच की! मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. पोटामुळे वाकता आलं नाही.

मग ते सुटले. श्वास रोखून वाट पाहणं याला 'बेटेड ब्रेथ' म्हणतात; त्यातलं 'बेटेड' हे 'अबेटेड'चं डोकं उडवलेलं रूप, म्हणजे आवरलेला, मंदावलेला श्वास, आणि तो शब्दप्रयोग शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये आहे. पण अर्धा देश तो गळाच्या आमिषाचा 'बेट' समजून लिहितो. म्हणजे तोंडात गांडूळ धरून वाट पाहणं. प्रेमात आकंठ बुडाल्यावर म्हणतात 'हेड ओव्हर हील्स'. ते पूर्वी उलटं होतं, 'हील्स ओव्हर हेड', कोलांटी उडी मारावी तसं. कधीतरी लोकांनी फिरवलं आणि ते तसंच रुजलं. मी विचार केला, डोकं टाचांच्या वर तर माझं रोजच असतं, बँकेच्या रांगेतसुद्धा. याला प्रेम कशाला लागतं? आणि पुडिंगची ती म्हण, खाल्ल्याशिवाय पुडिंगची परीक्षा नाही, तिचं लोकांनी घासून घासून 'प्रूफ इज इन द पुडिंग' केलंय. जणू खुनाचा पुरावा कोणी पुडिंगात लपवला. तिथलं 'प्रूफ' पुराव्याचं नव्हेच, परीक्षेचं.

आपल्या लोकांच्या या रोगाला त्यांच्याकडे नावंसुद्धा आहेत. भारी शब्द वापरायच्या हौसेने भलताच शब्द वापरणं म्हणजे 'मॅलाप्रॉपिझम'. शेरिडनच्या १७७५ सालच्या 'द रायव्हल्स' नाटकात मिसेस मॅलाप्रॉप नावाच्या बाई आहेत, त्या नाईलच्या काठी मगरीऐवजी रूपककथा नेऊन बसवतात. आणि न कळलेल्या शब्दाचा आपल्यापुरता अर्थ लावून त्याला नवं रूप देणं म्हणजे 'एगकॉर्न'. कोणा बाईने ओकच्या फळाला, 'एकॉर्न'ला, अंड्याच्या आकाराचं म्हणून 'एग कॉर्न' लिहिलं, त्यावरून २००३ साली जेफ्री पुलम नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने हे नाव सुचवलं. मी दोन्ही नावं वहीत लिहून घेतली. तपासणी विभागाच्या साहेबांसारखी.

मलाही आता काहीतरी देणं भाग होतं. मी म्हणालो, आमच्याकडेही आहे. गणपतीच्या आरतीत 'फणिवर' येतो, म्हणजे नाग, तो देवाने कमरेला बांधलाय. पण घरोघरी पोरं त्याला 'फळीवर' म्हणतात आणि बरीचशी मोठी झाली तरी फळीवरच ठेवतात. हे मराठीत सांगायला एक मिनिट लागतं. इंग्रजीत सांगताना मला उठून उभं राहावं लागलं, पोटाला टेबलावरचा नॅपकिन गुंडाळून नाग करावा लागला, आणि मग तो त्यांच्या भिंतीवरच्या फळीवर ठेवून दाखवावा लागला. त्या फळीवर त्यांची निळी चिनी बशी होती. होती.

निघताना आठ वाजून गेले होते. यजमान दारापर्यंत आले. आता आपल्याकडे कोणी 'जातो' म्हणत नाही. आईने लहानपणी एकदा पाठीत धपाटा घालून शिकवलंय, 'येतो' म्हणायचं. मी पायरीवर उभा राहून, बशीबद्दल तिसऱ्यांदा माफी मागून, नमस्कार करून म्हणालो, 'ओके सर. आय अ‍ॅम कमिंग.' आणि निघालो. ते दार उघडं ठेवून उभे. आम्ही फाटकापाशी पोहोचलो, मी वळून हात केला आणि पुन्हा म्हणालो, 'कमिंग, कमिंग.' ते अजून उभे. आम्ही आमच्या घरात शिरलो, दिवे लावले, मी खिडकीतून पाहिलं तर त्यांच्या दारातून उजेड येतोय आणि ते रस्त्याकडे बघतायत. दहा मिनिटांनी मुलगा जाऊन सांगून आला.

दुसऱ्या दिवशी मी नवी निळी बशी घेऊन गेलो आणि त्यांना 'येतो'चा अर्थ समजावला, की जाणाऱ्याने जातो म्हटलं तर कायमचा जाईल अशी भीती वाटते, म्हणून. त्यांनी तो आपल्या डायरीत लिहून घेतला. तिसऱ्या रकान्यात काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

माझी वही पुढे नातीने ताब्यात घेतली. ती आठ वर्षांची, तिथेच जन्मलेली. तिने मागच्या बाजूने मराठी फ्रेझेस सुरू केल्या. डोळा लागणे, डोळे लागणे, डोळा मारणे, डोळा असणे. आता यातला फरक आठ वर्षांच्या पोरीला इंग्रजीतून समजावून बघा एकदा. एका दुपारी शेजारच्या बाई काहीतरी मागायला आल्या, मी आरामखुर्चीत घोरत होतो, आणि नात ओरडून आजीला म्हणाली, 'आजी, आबांनी आंटीला डोळा मारला!' तिला म्हणायचं होतं, लागला. ही स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली होती. पोळ्या चालल्या होत्या म्हणून, असं ती सांगते.

निघायचा दिवस आला. पहाटेची टॅक्सी. बॅगा चढल्या. शेजारचे दोघं गाऊनवर कोट घालून फाटकाशी येऊन उभे. बाईंनी हिला कागदात बांधलेला केक दिला, हिने त्यांना उरलेली भाजणी दिली. तिचं त्या काय करणार होत्या देव जाणे. मी काचेतून हात केला. यजमान पुढे आले, टोपी काढली, खोकून घसा साफ केला आणि एकेक शब्द तोलत म्हणाले, 'आय अ‍ॅम कमिंग.'

टॅक्सीवाल्याने गाडी बंद केली. मागे वळून त्याने सीट मोजल्या, बॅगा मोजल्या, आणि मला म्हणाला की आणखी एक माणूस घेता येणार नाही. मी त्याला समजावायला लागलो, 'नो, नो, ही इज नॉट कमिंग. ही इज ओन्ली सेइंग कमिंग. अ‍ॅक्च्युअली वी आर गोइंग, बट वी शुड से कमिंग, अँड ही इज स्टेइंग, सो...' टॅक्सीवाला उतरून मागचं दार उघडायला निघाला. यजमान टोपी हातात धरून थंडीत उभे. घड्याळ पुढे सरकत होतं.

ही पुढे वाकली, टॅक्सीवाल्याच्या सीटवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाली, 'गो.'

टॅक्सी निघाली.